तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, रूथआत्या

रूथआत्या,

तुम्हाला माती दिली त्या दिवशी आपल्या ख्रिस्ती मंडळीचं गाणं पहिल्यांदाच सुरात झालं, आणि ते कोणालाच आवडलं नाही. दुसऱ्या कडव्यापाशी सगळे आपोआप थांबलो. तिथे तुमचा आवाज दर वेळी डोंगर चढायला लागायचा आणि आम्ही सगळे धापा टाकत तुमच्या मागे जायचो. त्या दिवशी कोणी चढलंच नाही. सर येऊन गेली होती, छत्र्या मिटल्या होत्या, आणि दानिएलकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेसूर कोणीतरी गा रे." मी गायलो. मग पुढचं कडवं झालं.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं आहे, तू आपल्यातला पहिला बी.ए., तूच आत्यांवर लिही. तुमचा जन्म कुठला, शाळेत किती वर्षं काढलीत, हे सगळं मंडळीच्या नोंदवहीत आहे. ज्याला हवं त्यानं तिथे पाहावं. मला ते लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुढे चालवायचं आहे. बारा वर्षं आपण ते चालवलं आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

प्रश्न साधा होता. मी अठरा वर्षांचा असताना माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मुंबईच्या कॉलेजात जायचं, किंवा पोलादपूरच्या शाळेत तुमच्या हाताखाली मास्तर व्हायचं. तेव्हा तुमच्या मनात काय होतं? "जा" होतं की "राहा" होतं? एवढंच मला हवं होतं. ते सांगायला तुम्हाला काय जड गेलं?

आता तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

त्या वर्षी नाताळ झाल्यावर पुण्याच्या एका उपदेशकांनी तुम्हाला एक पातळ पुस्तिका पाठवली. बारा धडे होते तिच्यात. चार-सहा माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं, एकेकानं आपल्या आयुष्यातला खरा प्रश्न मांडावा, आणि देवाची इच्छा काय आहे ती ओळखायला सगळ्यांनी मिळून शिकावं, असा तो अभ्यास होता. पारख करण्याचा. पुस्तिकेची भाषा अशी छापील होती, की दानिएलकाकांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि विचारलं, "रूथबाई, हे मराठीच आहे ना?"

दानिएलकाका म्हणजे महाडच्या पेठेत शिवणयंत्र घेऊन बसणारे आमचे शिंपी. तुमच्या वर्गात आम्ही नेहमीचे चौघेच. तुम्ही, ते, मी आणि उमरठच्या वरच्या एका वाडीतले लूकाबाबा. लूकाबाबा तरुणपणी मुंबईच्या गोदीत हमाल होते, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि म्हातारपणी गावी परतले. वाडीत त्यांना अजून लखूच म्हणत. ते दोन्ही नावांना ओ देत.

तुम्ही आम्हा सगळ्यांना कार्डं टाकलीत. पुस्तिकेतलंच वाक्य उतरवून काढलंत: "शनिवारी दुपारी प्रत्येकाने आपापले ओझे घेऊन वर्गास यावे." मी आणि दानिएलकाका महाडहून बैलगाडीनं आलो, रिकाम्या हातांनी. ओटीवर बसलो. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे डोळे मिटून शांत बसायची पहिली दहा मिनिटं चालू होती, तोच अंगणात धप्प असा आवाज झाला. डोळे उघडून पाहतो, तर लूकाबाबा. घामानं निथळत होते आणि पायांशी लाकडांची ही एवढी मोळी.

"बाबा, हे काय?" दानिएलकाका म्हणाले.

"वझं," लूकाबाबा म्हणाले. "कारडात लिवलंय ना, वझं घेऊन यायचं. शाळेच्या मास्तरानं वाचून दावलं मला. तुमी नाय आणलं?"

दानिएलकाकांना हसू आवरेना. "अहो, मनातलं ओझं! चिंता, काळजी..."

"मग तसं लिवायचं," लूकाबाबा चिडून म्हणाले. "मी डोंगर उतरून आलो हे डोक्यावर घेऊन."

मला वाटलं, तुम्ही त्यांना समजावून सांगाल. तुम्ही मास्तरीणबाई, मुलांच्या पाटीवरची वेलांटी चुकली तरी पुसायला लावणाऱ्या. पण तुम्ही उठलात, त्यांना पाणी दिलंत आणि विचारलंत, "खाली ठेवलंत तेव्हा कसं वाटलं, बाबा?"

लूकाबाबांनी मान चोळली. विचार केला. "मान वर झाली," ते म्हणाले. "येताना खालची वाटच दिसत व्हती. आता तुमी दिसताय."

तुम्ही पुस्तिका मिटलीत आणि म्हणालात, "पहिला धडा झाला. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी असंच यायचं."

त्या दिवसापासून आपल्या वर्गाची ती रीतच पडली. मी पुस्तकांचं गाठोडं आणी, दानिएलकाका त्यांची कोळशाची इस्त्री. वाटेत त्यांचं कुरकुरणं चालायचं, की आत्मिक अभ्यासानं आपला खांदा निखळणार आहे. पण दाराशी ते खाली ठेवल्यावर माणूस खरंच निराळा बसतो, हे मी कॉलेजातल्या कुठल्याच तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकलो नाही. त्या उपदेशकांना तुम्ही हे कधी कळवलं नाहीत. मी कळवा म्हटलं तर म्हणालात, "त्यांचं मराठी आणखी बिघडेल."

दुसरी रीत पुस्तिकेतलीच होती, आणि तीच आम्हाला सगळ्यांत अवघड गेली. सल्ला द्यायचा नाही, नुसते प्रश्न विचारायचे. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय! इथे रस्त्यानं जाणाऱ्याला पत्ता विचारला, तर तो आधी तिथे जाऊच नका म्हणून सांगतो. दानिएलकाकांचा तर जीव गुदमरायचा. पहिल्या महिन्यात एकदा मी माझी अडचण मांडत होतो. ते बराच वेळ ओठ दाबून बसले आणि शेवटी फुटले, "तुला अक्कल आहे का?"

"दानिएल," तुम्ही म्हणालात.

"प्रश्नच विचारला की! चिन्ह द्या हवं तर शेवटी."

तुम्ही इतक्या हसलात, की दोऱ्यानं बांधलेला तुमचा चष्मा नाकावरून सुटून छातीवर लोंबायला लागला. मग डोळे पुसून माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "प्रश्न आहे खरा. दे उत्तर."

माझी अडचण ही अशी होती. मॅट्रिक होऊन मला वर्ष झालं होतं. बाबांबरोबर सावित्रीच्या काठी मचव्यांच्या, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या, फळ्या तासायला जायचो. बाबा सुतार; सही करायला ते माझ्याकडूनच शिकले. अशात मुंबईच्या एका कॉलेजात मला जागा मिळत होती आणि राहायची सोयही होती. त्याच सुमारास तुमच्या शाळेनं दुसरा मास्तर नेमायचं कबूल केलं. कितीतरी वर्षं तुम्ही त्यासाठी अर्ज करत होतात. चार इयत्ता एका खोलीत तुम्ही एकट्या सांभाळत होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुळाक्षरं मी तुमच्यापाशीच गिरवली होती. ती जागा माझ्यासाठीच आहे असं बाबा धरून चालले होते, आणि मी नाही म्हटलं तर तेवढ्या पगारावर दुसरं कोणी येणार नव्हतं. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, तेव्हा शेवटची बोट सुटायच्या आत ठरवायला हवं होतं.

मी वर्गात प्रश्न मांडला आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओटीच्या खांबाकडे पाहत होतात.

मग मी जे केलं त्याबद्दल मला अजून लाज वाटते आणि अजून हसू येतं. एका पहाटे मी पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं, डोळे मिटले, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. शनिवारी येऊन मी सांगितलं, की मी देवालाच विचारलं.

"काय निघालं?" तुम्ही विचारलंत.

मी चटईची काडी उपटायला लागलो.

"अरे, निघालं काय?"

"वंशावळ," मी म्हणालो. "अमक्याला तमका झाला, तमक्याला..."

"मग लग्न कर!" दानिएलकाका ओरडले. "कॉलेज कशाला नि शाळा कशाला! हा सल्ला नाही, हे शास्त्रात निघालंय!"

लूकाबाबा मात्र हसले नाहीत. "कौल लावलास तू," ते म्हणाले. "आमच्या वाडीत देवाला फूल लावतात, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. पण त्याला आधी आंघोळ करून, नारळ घेऊन, अख्खी वाडी गोळा होते रे. तू एकटाच अंथरुणात बसून मागितलास. त्यांची रीत नाय पाळलीस, आपलीबी नाय."

त्या म्हाताऱ्यानं किती नेमकं सांगितलं, ते मला पुढे कळलं. तुम्ही फक्त विचारलंत, "बोट ठेवलंस तेव्हा काय निघावं असं मनात होतं?" मी म्हणालो, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मग ते बघ. बोट तिथे ठेव."

आत्या, तुमच्या प्रश्नांनी मला छळलं. एका शनिवारी तुम्ही विचारलंत, "समज, तू कॉलेजात गेलास, बी.ए. झालास, पण महाडात कोणालाही ते कधी कळणार नाही. बाबांनासुद्धा नाही. तरी जाशील?" मी आठवडाभर जेवलो नाही नीट. कारण मला कळून चुकलं होतं, की माझ्या मनातलं अर्धं कॉलेज पेठेतून जाताना लोकांनी वळून पाहावं यासाठी होतं. मी तसं येऊन सांगितलं. तुम्ही ना शाबासकी दिलीत ना रागावलात. "अर्धं गेलं," तुम्ही म्हणालात. "उरलेलं अर्धं कशासाठी?"

सातव्या धड्यात एक युक्ती दिली होती. तीन दिवस एक वाट धरली असं समजून जगायचं, तीन दिवस दुसरी. रोज संध्याकाळी पाहायचं, मन जड झालं की हलकं. सकाळची शाळा सुरू झाली होती. तुम्ही मला खरोखरच तीन दिवस वर्गावर उभं केलंत आणि स्वतः मागे मुलांत बसलात. मला वाटलं होतं कंटाळा येईल, म्हणजे काम सोपं होईल. तसं झालं नाही. मला फार आनंद झाला. पोरं माझ्या अंगाखांद्यावर चढली. तिसऱ्या दिवशी मी नद्यांचा धडा घेत होतो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, भरतीचं पाणी महाडापर्यंत येतं, मग आपल्याकडे पोलादपूरला का नाय येत?"

मी काहीतरी ठोकून दिलं. चंद्र, खडक, वारा. मुलगी म्हणाली, "बरं." पण तिला ते पटलं नव्हतं आणि मलाही. मागून तुम्ही पाहत होतात. त्या दिवशी महाडला परतताना मी गाडीत बसलोच नाही, नदीकाठानं चालत आलो. पाणी कुठवर चढतं, ते बघत. घरी पोचेपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं, की बाबांनी विचारलं, काय सापडलं का रस्त्यात?

पुढचे तीन दिवस कॉलेजची वाट धरून जगायचे होते. ते मला वेगळे जगावेच लागले नाहीत. मी तेच करत राहिलो. भरतीच्या वेळा लिहून काढल्या, दासगावला जाऊन होड्या चालवणाऱ्या तांडेलांना विचारलं, बाबांना विचारलं.

शनिवारी मी वर्गात ते सगळं सांगितलं. म्हणालो, मला ते माहीत करून घ्यायचं आहे. पोरांना खोटं सांगायचं नाही म्हणून. कोणाला कळलं नाही तरी चालेल.

तुम्ही म्हणालात, "हं."

बस, "हं." आत्या, त्या एका "हं"वर मी पुढे चार वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात पडल्या-पडल्या विचार केला आहे. ते समाधानाचं होतं की सुस्कारा होता? तुमचा मास्तर गेला म्हणून होतं की तुमचा विद्यार्थी पुढे निघाला म्हणून? माझ्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनाही त्याचा उलगडा झाला नसता.

बाबा मात्र सोडायला तयार नव्हते. ते स्वतः पोलादपूरला आले, तुमच्या अंगणात उभे राहिले. मी आत होतो, दाराआडून ऐकत होतो.

"बाई, तुम्ही एक शब्द टाका. पोरगं तुमचं ऐकेल."

"भाऊ, म्हणूनच टाकत नाही," तुम्ही म्हणालात.

बाबा दारापाशी आले. मग तुमच्या दाराची चौकट हातानं चाचपून म्हणाले, "ही सरकली आहे." आणि पटाशी काढून ती बसवायला लागले. तासाभरानं चौकट सरळ झाली आणि बाबांचं मनही बहुधा त्याच वेळात झालं. जाताना म्हणाले, "जाऊ दे त्याला. माझ्या जिवाला जड जाईल, पण त्याचं हलकं दिसतंय." आमच्या वर्गाचे शब्द त्यांनी कधी उचलले, कोण जाणे.

दासगावच्या धक्क्यावर तुम्ही मला पोचवायला आलात. तिथून लाँचनं बाणकोट आणि पुढे आगबोट. लाँच सुटताना तुम्ही गायला सुरुवात केलीत. लाँचच्या तांडेलानं मला विचारलं, "बाईंना काय दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, आशीर्वाद देतायत. तो म्हणाला, "मग लवकर निघूया."

चार वर्षं तुमची कार्डं येत राहिली. त्यांवर दोनच शब्द असत, "जड? हलकं?" मी चार-चार पानांची उत्तरं लिहायचो. परीक्षेच्या वर्षी एकदा मी फक्त "जड" एवढंच लिहून पाठवलं, तर पंधरा दिवसांनी एक पार्सल आलं. आत सुकट, कुळथाचं पीठ आणि एक ओळ: "आधी जेव, मग पारख कर."

पदवी घेऊन मी परत आलो आणि महाडच्या इंग्रजी शाळेत लागलो. पहिल्या शनिवारी तुमच्या ओटीवर आलो तेव्हा वाटलं होतं, तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही पुढ्यात पहिल्या रांगेतली ती मुलगी बसवलीत. आता ती मोठी झाली होती, तुमच्या शाळेत पोरांना पाढे घोकवायला यायची. तुम्ही म्हणालात, "हिला सांग, पाणी इथे का येत नाही." मी नदीची पातळी, उतार, सगळं समजावलं. ती म्हणाली, "बरं." या वेळी तिला पटलं होतं. त्या दिवसाइतका आनंद मला पदवीदान समारंभात झाला नाही.

आणि मग मी तुम्हाला विचारायला सुरुवात केली. दर शनिवारी, कधी चहाबरोबर, कधी वादात. "आत्या, आता तरी सांगा. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

तुम्ही दर वेळी काहीतरी वेगळं उत्तर द्यायचात. एकदा म्हणालात, "माझं मत म्हणजे तुझ्या ट्रंकेत माझे कपडे. बोटीत उघडशील आणि म्हणशील, हे कोणाचं?" मी म्हणालो, "माहीत असून न सांगणं हा कंजूसपणा आहे." तुम्ही म्हणालात, "असेल." मी विचारलं, "आणि मी चुकलो असतो तर?" तुम्ही म्हणालात, "तर चुकलो म्हणून सरळ घरी आला असतास. रूथआत्यानं चुकवलं असं झालं असतं, तर घरी यायला तुला तोंड उरलं नसतं." मला ते पटलं नाही. मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मुलं माझ्याकडे येतात, डोळ्यांत तळमळ असते, आणि मला त्यांची वाट लख्ख दिसत असते. तेव्हा गप्प बसणं म्हणजे प्रेम, हे मला एकदम मान्य होत नाही. दानिएलकाका माझ्या बाजूचे होते. ते म्हणायचे, "बी.ए. पोरगा आणि कमी शिकलेला शिंपी एकाच मताचे, म्हणजे आमचंच खरं."

तुमच्या आजारात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी बसलो होतो. लूकाबाबांनी दाराशी पुन्हा मोळी आणून टाकली होती, तुमच्या चुलीसाठी. ताप उतरला होता, डोळे उघडे होते. मी म्हटलं, "आत्या, आता तर सांगा." तुम्ही मला खूण केलीत, जवळ ये. मी वाकलो, कान तोंडाशी नेला. बारा वर्षांचं उत्तर आता येणार होतं. तुम्ही म्हणालात, "पेजेत मीठ कमी आहे."

मला माहीत आहे, तुम्ही मुद्दाम केलंत. तुमच्या डोळ्यांत ते दिसत होतं. तुमचं मी जे काही देणं लागतो, ते तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. तुमच्यामुळे मी शिकलो असं लोक म्हणतात, आणि तुम्ही तर मला जा असंही म्हणाला नव्हतात. मला एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या आयुष्यात माझा म्हणावा असा एक निर्णय आहे, आणि तो माझा राहावा म्हणून तुम्ही तुमच्या चार इयत्ता आणखी कितीतरी वर्षं एकट्यानं ओढल्यात. मी म्हणालो काय? "मीठ आणतो."

आता परवाच्या शनिवारचं सांगतो.

तुमच्या ओटीवरच बसलो. शाळेनं अजून दुसऱ्या बाईंना पाठवलेलं नाही, म्हणून घर मोकळंच आहे. लूकाबाबा, दानिएलकाका, मी आणि दानिएलकाकांची लेक राहेल. तिनं प्रश्न मांडला. मुंबईच्या एका इस्पितळात तिला परिचारिकेचं शिक्षण घ्यायला बोलावलं आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बोटीनं निघावं लागेल. पण दानिएलकाकांची नजर गेल्या वर्षापासून अधू झाली आहे. सुईत दोरा राहेलच ओवते, काजं तीच करते. ती गेली तर यंत्र बंद पडेल. ती खाली मान घालून बोलत होती. देवाची इच्छा आईबापांपाशी राहण्याची असेल, असं तिला वाटतं, असं म्हणाली. ते म्हणताना तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

दानिएलकाका तर तिचे बापच. तुमचा नियम होता, बाप असला तरी वर्गात प्रश्नच. ते ओठ दाबून बसले होते. जन्मभर ज्यांना सल्ला दिल्याशिवाय राहवलं नाही, ते स्वतःच्या लेकीपुढे गप्प.

आणि मी! आत्या, माझ्या जिभेवर "जा" हा शब्द इतका आला होता, की मी तो दातांनी धरून ठेवला. माझ्यापाशी पूर्ण भाषण तयार होतं. मुलींचं शिक्षण, सेवा, माझं स्वतःचं उदाहरण. मला वाटलं, आत्या नाहीत, आता नियम कोणाचा? मी तोंड उघडलं.

तेवढ्यात लूकाबाबांनी घसा साफ केला. "पोरी," ते म्हणाले, "जाशील त्या दिवशी कंचं लुगडं नेसशील गो?"

"हिरवं," राहेल म्हणाली.

एका क्षणाचाही विलंब नाही. आणि म्हणून झाल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. मग ती हातांच्या आडून हसायला लागली. इतका वेळ खाली गेलेला तिचा आवाज वर आला. "मला वाटत होतं, जे इतकं आवडतं ते देवाकडचं कसं असेल," ती म्हणाली. "म्हणून मी कोणाला सांगत नव्हते."

 राहेल दानिएलकाकांकडे वळली. "बाबा, तुम्ही?"

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मला फक्त प्रश्न विचारता येतो." आणि मग विचारलंच, "हिरव्यावर पोलकं कुठलं घालणार आहेस?"

"माझ्याकडे कुठे आहे हिरव्यावरचं?"

"आहे," दानिएलकाका म्हणाले. "परवाच शिवून झालंय. काजं राहिलीत तेवढी. मला दिसत नाहीत. ती तुझी तू कर." आणि आमच्याकडे वळून बोट उगारत म्हणाले, "हा सल्ला नाही हां! ही माहिती आहे!"

आम्ही इतके हसलो, की शेजारची माणसं अंगणात आली. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही, आणि तुमच्या ओटीवर हे काय चाललंय म्हणून. राहेल बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि हसत होती. लूकाबाबा, मी असं काय मोठं विचारलं, म्हणून सगळ्यांना विचारत होते. मी माझं सगळं भाषण गिळून टाकलं. ते मी तिला ऐकवलं असतं, तर ती गेली असती, पण तिचं हे हसू मग माझं भाषण ऐकून झालं असतं. ते तिचं राहिलं नसतं.

संध्याकाळी मी दानिएलकाकांचा हात धरून गाडीपर्यंत चालत आलो. राहेल पुढे चालत होती. काका तिच्या पाठीकडे मान वाकडी करून, जेवढं दिसतं तेवढं पाहत होते. महाड येईपर्यंत आम्ही पोलक्याच्या बाह्या किती लांब असाव्यात यावर वाद घातला. घरी येऊन हातपाय धुतले, जेवलो, दिव्याची वात नीट केली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुमच्या ओटीवर पूर्ण दुपार बसूनही, तेव्हा तुमच्या मनात काय होतं हे विचारायचं मी बारा वर्षांत पहिल्यांदाच विसरलो होतो.